अकरावा स्क्रू

लॉझानहून नोटरी आले, दारात बुटांचा बर्फ झटकून.
रुमालावर तीन घड्याळं मांडली:
जिनिव्हाचं, सॅक्सनीचं, जपानचं.
म्हणाले, मादाम मेलान, दोन विकायची, एक ठेवायचं.
कुठलं, ते तुम्ही सांगा.

ब्रँडची नावं मी घेत नाही.
त्याच नावांवर माझी चूल पेटते,
आणि हे खोरं अरुंद आहे,
तळ्याच्या या काठाला शिंकलं
की त्या काठाला कारखान्यात कुणीतरी रुमाल काढतं.
शिवाय माझ्या टेबलावर घड्याळ पालथंच पडतं.
तबकडी खाली, नाव खाली.
पाठ उघडली की सगळी सारखीच अवघडलेली,
दवाखान्यात सदरा काढून बसलेल्या माणसांसारखी.

आधी जपानचं.
त्याचा सेकंदकाटा टिकटिकत नाही, सरकतो,
कलत्या ताटातल्या मधासारखा.
काट्यांच्या कडांवरून नजरसुद्धा जपून फिरवावी.
खोट काढायला बसले, कॉफी गार झाली.
(मी या खोऱ्यातली आहे.
हे कबूल करायला मला एक अख्खा हिवाळा लागला होता.)

सॅक्सनीचं जाड हाडाचं.
पाऊण यंत्र एकाच पत्र्याखाली,
मुलामा न दिलेलं जर्मन सिल्व्हर,
वर्षं सरतात तसं पिवळं पडतं,
उघड्या बोटानं शिवलात तर ठसा धरून बसतं.
तिकडे ते दोनदा जोडतात:
एकदा चालतंय का बघायला,
मग सगळं सुटं करून, घासूनपुसून, कायमचं.
लग्नांनाही ही सोय हवी होती, मी म्हटलं.
नोटरी हसले नाहीत. दिवसभर वाटण्यांचे कागद करतात ते.

जिनिव्हाचं शेवटी.
पट्टे नांगरटीसारखे सरळ,
कडा हातानं तासलेल्या, आतल्या कोपऱ्यातसुद्धा,
जिथे मशीनचं बोट पोचत नाही.
केसाहून बारीक स्प्रिंग मिटते, उमलते,
तासाला एकोणीस हजार आठशे ठोके.
देखणं. भिंग अजून जवळ नेलं, आणि

एक स्क्रू निराळा.
डोक्यावरची खाच किंचित रुंद.
बाकीचे दहा निळे, हा जांभळाकडे झुकलेला,
ज्योतीवरून एक श्वास लवकर काढलेला.
झाकणाच्या आत सुईनं कोरलंय: ए. सी., ११.७४.

आन्सेल्म काप. माझे उस्ताद.
मी पंधराची, त्यांच्या डाव्या हाताला बसायचे.
धुळीचा एक कण राहिला तर
अख्खं काम पुन्हा उलगडायला लावायचे.
त्या नोव्हेंबरात त्यांची बायको गेली होती,
आणि हात थरथरतात हे कुणी बोलायचं नव्हतं.
एका सकाळी त्यांच्या गुडघ्यांवर फरशीची धूळ होती.
आठवतं. मी विचारलं नाही.

मूळ स्क्रू अजून त्या फळ्यांच्या फटीत असेल.
कंपनीला कळलं तर म्हणेल, बदला,
नऊ आठवड्यांत खरा येईल,
पाकिटातून, नंबरासकट.
टायमिंग मशीनवर लावलं: दिवसाला दोन सेकंद पुढे.
इतकी वर्षं हा उपरा तिथे बसून आहे,
आणि कुणाची काही तक्रार नाही.

स्क्रू राहू दिला.
झाकण लावायच्या आधी त्यांच्या अक्षरांखाली
माझी दोन कोरली, अंमळ लहान.

मग? नोटरी म्हणाले. सगळ्यात उत्तम कुठलं?
यंत्र म्हणाल तर जपानचं.
चिकाटी म्हणाल तर सॅक्सनीचं.
पैसे म्हणाल तर जिनिव्हाचं विका, बाजार त्याचाच आहे.
आणि तोंडातून गेलंच: नको, ते विकू नका.
का?
पट्टा चांगला आहे, मी म्हटलं.

त्यांनी घड्याळ उजेडात धरलं.
पट्टा मगरीचा होता,
दोन ठिकाणी तडकलेला.